थॉर्नबेकचा सायलस

ओढ्याकाठच्या काटेरी झुडपांवरून गावाला थॉर्नबेक नाव पडलं, आणि गावावरून सायलसला. चर्चच्या दारात टाकलेलं पोर. आईबापाचा पत्ता नाही, म्हणून गावानं आपलंच नाव आडनाव म्हणून लावून दिलं. ते त्यानं जन्मभर मिरवलं. गावातली निम्मी दगडी कुंपणं त्याच्या हातची. आता सत्तरीत बोटं वाकडी झाली, दगड उचलवेना. बायको ॲनिस चर्चमागे पुरलेली. तिच्या शेजारची जागा आपली, एवढाच काय तो त्याला आधार.

पोटाला मिळेना, तेव्हा टोपी हातात धरून तो रॅगकडे गेला. गावातल्या गरिबांना मदत द्यायची की नाही, हे रॅग ठरवी.

"सायलस, तू आमचा नाहीस," रॅग म्हणाला. "तरुणपणी स्केल्बीला अख्खं वर्ष चाकरी केलीस ना? वर्ष जिथं भरलं, ते तुझं गाव. कायदाच आहे बाबा. आता ते पोसतील तुला."

वर्ष भरलं की गडी गावाच्या गळ्यात पडतो, म्हणून मालक लोक त्याला एक्कावन्नाव्या आठवड्यालाच हाकलत. पण सायलसच्या वर्षी नेमक्या त्याच वेळी बर्फात मेंढ्या गाडल्या गेल्या, मालक तापानं फणफणलेला. सायलसचा पाय निघेना. आणखी आठवडाभर राहून त्यानं मेंढ्या उकरून काढल्या, आणि वर्ष भरलं. चांगुलपणा असा नडतो!

"रॅगसाहेब, नाव तुम्हीच गावानं दिलंत की!" सायलस म्हणाला.

"नाव दिलं रे. भाकरी देतो म्हणालो होतो का?"

"मग मेल्यावर तरी आणा. ॲनिसशेजारी."

"बघू. आधी मर तर खरा."

त्याला गाडीत घालून स्केल्बीच्या गरीबखान्यात सोडलं. तिथं ओळखीचं कुत्रंही उरलं नव्हतं. दोनदा तो पळाला. दोन्ही वेळा थॉर्नबेकच्या शिवेवरून रॅगच्या माणसांनी परत आणून टाकला. मग पायच चालेनात. तरी म्हातारा म्हणायचा, "मेल्यावर नेतील. माझी जागा आहे तिथं."

वसंतात थॉर्नबेकचा एक लोकरवाला आला. सायलसनं आधी जागेचंच विचारलं.

"ती? रॅगनं सासू पुरली तिथं. रिकामीच होती म्हणे."

दुपारी जेवणाला गरीबखान्याच्या कारकुनानं वहीतली नावं पुकारली.

"थॉर्नबेक! ए थॉर्नबेक, बहिरा झालास काय?"

"ते नाव काढून टाका," म्हातारा म्हणाला.

"मग काय लिहू?"

"सायलस. नुसता सायलस."