एंगेज लागलेले फोन मोजण्याची रीत

शाखेला टेलिफोनच्या किती लाइनी लागतील, हे ठरविण्याची रीत सोपी आहे: आठवडाभर फोन मोजावेत, सर्वांत गर्दीचा तास शोधावा आणि त्या तासाला पुरतील एवढ्या लाइनी मागाव्यात. ऐंशीच्या दशकात मरोळच्या आमच्या शाखेत हे काम माझ्याकडे आले, कारण पट्टी धरून सरळ रेघ मारणारा तेथे मी एकटाच होतो. बाहेरच्या लाइनी दोन, टेबलांवरचे फोन चौदा आणि या सर्वांना जोडणारा बोर्ड सांभाळणाऱ्या एक ऑपरेटरबाई.

गिऱ्हाइकांची तक्रार होती की, आमचा फोन सदैव एंगेज लागतो. साहेबांचे निदान होते की, बाई गप्पा मारतात. दोन मेमो देऊन झाले होते. तिसरा टाइप होऊन सहीसाठी पडला होता, आणि तिसऱ्यानंतर बाईंची नोकरी जाणार होती.

मी माझा तक्ता बाईंना अभिमानाने दाखविला.

“मास्तर,” त्या म्हणाल्या, “जे फोन लागलेच नाहीत, ते कुठल्या रकान्यात रे?”

असा रकाना नव्हता. म्हणून दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या हॉटेलातून मी दर पाच मिनिटांनी आपल्याच ऑफिसला फोन लावीत बसलो. त्याच वेळी बोर्डावर कोण बोलत आहे, ते बाईंनी टिपायचे ठरले.

“काय साहेब, बायको उचलत नाय?” गल्ल्यावरच्या मालकाने विचारले.

“ऑफिस आहे.”

“मग कशाला जीव काढता? चहा घ्या.”

संध्याकाळी दोन्ही याद्या शेजारी मांडल्या. सकाळी दहा ते बारा या वेळेत फोन एकदाही लागला नव्हता. एका लाइनीवर आळीपाळीने सगळी शाखा होती. दुसरीवर एकटे साहेब. ते मुलुंडला आपल्या सोसायटीचे सेक्रेटरी होते. पंप कोणी चालू ठेवला, टाकी कोणी रिकामी केली, हे खटले ते रोज आमच्या लाइनीवरून निकालात काढीत. वर्गीकरण शास्त्रशुद्ध असावे, म्हणून मी त्या रकान्याला मथळा दिला: ‘पाणीविषयक’.

“हे पाणीविषयक म्हणजे काय?” तक्ता पुढे ठेवताच साहेबांनी विचारले.

“विषयवार विभागणी, साहेब. मुख्य कचेरीला कारण दाखवावे लागेल.”

त्यांनी पंख्याकडे पाहिले, मग दाराकडे. “तो रकाना गाळा.”

“मग एंगेजचा दोष बाईंवर जातो.”

“कसला दोष? लाइनीच कमी आहेत, त्याला बाई काय करणार?” असे म्हणून त्यांनी मेमो टराटरा फाडला, जणू तो त्यांच्यावरच निघाला होता.

मी खोडरबर घेतले आणि पाणी ‘व्यावसायिक’मध्ये मिसळले. खऱ्या मोजणीप्रमाणे एक जादा लाइन पुरली असती. माझा प्रस्ताव तीन मागत होता.

“मुद्दाम चुकवलंस ना रे गणित?” बाईंनी विचारले.

“हो.”

“झकास. आता पाच लाइनी माझ्या दोन हातांना झेपायच्या नाहीत. जोडीला आणखी एक बाई माग.”

मी नवा तक्ता आखायला घेतला.