ताईचं बाहेरचं जेवण

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी राजापेठेत मिक्सरच्या भांड्याचं पातं बदलून घेत उभा होतो. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मिस्टर. ते स्वतःहून कधी फोन करत नाहीत. अकोल्याच्या त्या घरातलं सगळं बोलणं ताईच्या वाट्याचं, यांनी मागून फक्त "बरा आहे म्हणून सांग" एवढं म्हणायचं. त्यामुळे त्यांचं नाव दिसताच मी काय ते समजायला हवं होतं, पण वेळेवर समजणं हा माझा प्रांत कधीच नव्हता. ते म्हणाले, सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालता घालता ताई खाली बसली, ती उठलीच नाही. डॉक्टर येऊन गेले. संपलं. दुकानदार नेमका त्याच वेळी मिक्सर चालवून पाहत होता. मी एका कानावर हात ठेवला आणि विचारलं, "काय खाल्लं होतं?"

आणि भाऊजींनी उत्तर दिलं. "रातच्याले भाकर अन् चवळीची भाजी. घरचीच."

"हिंग?"

"नाई. जिऱ्याची फोडणी."

दुकानदारानं मिक्सर बंद केला आणि आता आवाज येत नाही ना, असं मला विचारलं. मी म्हणालो, नाही येत.

एखाद्याला वाटेल, ही माणसं आहेत की कोण. पण आमच्या घरी ताईचं काहीही दुखलं की पहिला प्रश्न हाच असायचा. तिला गहू चालत नव्हता. आवडत नव्हता असं नाही, चालत नव्हता. पोळी, ब्रेड, शेवया, शिरा, बिस्किटाचा चुरा, काहीही पोटात गेलं की दोन-तीन दिवस ती अंथरुणात. लग्नानंतर कित्येक वर्षं तिची ही "कमजोरी" म्हणून लोहाच्या बाटल्या पाजण्यात गेली. मग एका डॉक्टरनं तपासण्या करून सांगितलं की हा गव्हाचा आजार आहे, औषध नाही, गहू सोडा, जन्मभर सोडा. आम्ही सगळे तेव्हापासून तिच्या ताटाकडे पाहत राहिलो. आणि तिचं हृदय थांबलं. अन्नाचा काही संबंध नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. ते ऐकून मला काय वाटलं ते मी अजून शोधतो आहे. महिना होऊन गेला. भेटायला येणाऱ्यांना मी ताईचे किस्से सांगतो, ते हसता हसता डोळे पुसतात आणि मी त्यांना पाणी आणून देतो. मला स्वतःला काहीच होत नाही. दाढेला इंजेक्शन दिल्यावर जीभ लावून लावून पाहतो ना आपण, तसं चाललं आहे.

घरी तिचं काही अडत नव्हतं. आमच्या वऱ्हाडात ज्वारी असताना माणूस उपाशी राहत नाही. अडायचं ते सुट्टीत. दर मे महिन्यात आमची दोन कुटुंबं एकत्र बाहेर पडायची. ताई आणि भाऊजी, त्यांना मूलबाळ नाही. मी, माझी बायको रंजना आणि आमची मुलगी प्रज्ञा. गाडी माझी, मार्ग भाऊजींचा आणि चुका बहुतेक माझ्या. पहिलीच चिखलदऱ्याला झाली. संध्याकाळी सगळे गारठलेले. मी मोठ्या हुशारीनं एका टपरीवरून ताईसाठी गरम टोस्ट आणला, टपरीवाल्याला दोनदा विचारून. तो म्हणाला, साहेब, गव्हाचा बिलकुल नाही, मैद्याचा आहे. मी ताईला छाती फुगवून तेच सांगितलं. तिनं टोस्टकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "बाबू, मैदा काय झाडाले लागते?" मी त्या वेळी एका सरकारी खात्यात बऱ्यापैकी हुद्द्यावर होतो, हे इथं सांगायची खरं तर गरज नाही.

पुढल्या वर्षी तिनं डबा आणला. भाकरी, कोरडी चटणी, वांग्याची भाजी. आमच्यासमोर हॉटेलातलं गरम जेवण आणि तिच्यासमोर सकाळी केलेली भाकरी, दुपारपर्यंत चामड्यासारखी झालेली. त्यात मॅनेजर येऊन भिंतीवरची पाटी दाखवून गेला, बाहेरचे पदार्थ आणू नयेत. ताईनं डब्याचं झाकण लावलं आणि गाडीत बसून जेवली. भाऊजीही ताट सोडून तिच्यासोबत गेले. परतीच्या वाटेवर ती म्हणाली की तिला वेगळं काही नको आहे. जिथं आपण सगळे बसलो तिथं बसून, त्याच चुलीवरचं गरम खायचं आहे. ते होत नसेल तर पुढल्या वर्षी ती येणार नाही. "डबाच खायचा तर मी आपल्या घरीच बरी. तिथं पंखा तरी माह्या बाजूनं आहे." हे तिनं हसत सांगितलं, पण ताई हसत सांगायची ते पक्कं असायचं.

म्हणून पचमढीच्या वेळी मी अक्कल चालवली. हॉटेलात "आजार आहे" म्हटलं की वेटर मान हलवतो आणि आत जाऊन काहीही करतो, हे मला ठाऊक झालं होतं. पण कोणाचा "उपास आहे" म्हटलं की अख्खं स्वयंपाकघर सावध होतं. कढई वेगळी, तूप वेगळं, चमचा वेगळा. गहू नाही, हिंगही नाही. बाजारातल्या हिंगात बहुतेक वेळा मैदा मिसळलेला असतो, आणि त्या चिमटीनंही ताई आजारी पडायची. आपला उपाय मला इतका आवडला की मी तो कोणालाच सांगितला नाही. गाडी लावायच्या निमित्तानं मागे राहिलो, गल्ल्यावर गेलो आणि मालकांना म्हणालो, हमारी दीदी का व्रत है.

अडचण एकच होती. आमच्या घरात उपास नाही. आमच्या आजोबांनी नागपूरला दीक्षा घेतली आणि घरी येऊन आजीला सांगितलं, आजपासून या घरात कोणी उपाशी राहणार नाही. गरिबीनं राहिलो तेवढं पुरे, आता देवासाठी नाही. ते वाक्य ताईला पाठ होतं. तिच्या ऑफिसातल्या बाया चतुर्थीला खिचडीचे डबे उघडत आणि हिलाही आग्रह करत, तेव्हा ती खिचडी आनंदानं खायची आणि वर सांगायची, उपास तुमचा, खिचडी माझी. तर अशा घरात वाढलेल्या मला मालकांनी विचारलं, कौन सा व्रत? मला एकच नाव आठवलं. मी म्हणालो, एकादशी.

"एकादशी तो परसों हो गई, साहब."

"हमारे अमरावती में थोडी लेट आती है," मी म्हणालो.

मालक भला माणूस. त्यानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि आत सांगायला गेला. थोड्या वेळानं साबुदाण्याच्या खिचडीची वाफाळती प्लेट तो स्वतः घेऊन आला, ताईपुढे ठेवली आणि हात जोडून म्हणाला, माताजी, शुद्ध घी, सेंधा नमक. ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. सकाळपासून तिच्या पोटात दोन केळी होती. कैक वर्षांनी हॉटेलच्या टेबलावर तिच्यासमोर गरम, बिनधोक ताट आलं होतं, आणि ते खायला तिनं फक्त गप्प बसायचं होतं. रंजनानं टेबलाखालून मला पाय मारला. भाऊजींनी आपला घास तसाच हातात धरला.

ताईनं चमचा खाली ठेवला. "भैया, मेरा व्रत नहीं है. हमारे घर में कोई करता नहीं. मेरे को गेहूँ की बीमारी है. भाई झूठ बोला, क्योंकि बीमारी बोले तो कोई सुनता नहीं."

मी गाडीची किल्ली चाचपली. मालक तसाच उभा होता. आता प्लेट उचलतो, मला वाटलं.

"तो फिर," तो म्हणाला, "ऊपर से प्याज डाल दूँ?"

ताईनं भरपूर कांदा घालून घेतला. दुसरी प्लेटही मागितली. जेवण झाल्यावर मालक तिला आत घेऊन गेला, कशात काय पडतं ते दाखवलं, आणि संध्याकाळी तिनं आमच्यासोबत बिनहिंगाचं वरण आणि भात खाल्ला. हॉटेलबाहेर मात्र तिनं मला बाजूला घेतलं. "आजोबांनं सोडला तो उपास तू मले एका पलेटीसाठी धरायले लावून राहिला होता," ती म्हणाली. मग चार पावलं चालून, "खिचडी मस्त होती पण."

तिथून पुढे तिची पद्धत ठरली. हॉटेलात शिरलं की आम्ही बसायचं आणि ताईनं सरळ आत जायचं. तपासायला आल्यासारखी नाही, शेजारीण काडेपेटी मागायला येते तशी. दादा, तुमच्या हिंगाची डबी दाखवता का? एका ठिकाणच्या आचाऱ्याला वाटलं, सरकारी धाड पडली. त्यानं हिंगाबरोबर खायचा रंगही लपवला. पण बहुतेक जण बोलायचे, आणि एकदा बोलले की ताई त्यांच्या मुलाबाळांच्या शाळेपर्यंत पोचूनच बाहेर यायची. तोवर आमची भूक मेलेली असायची. मग ती जाहीर करायची, इथं वरण चालते, भाजी नको, भाकर वेगळ्या तव्यावर करून देते म्हणाली बाई. आम्हीही तेच खायचो. भाऊजींनी तर तिच्यासोबत बाहेर कधी पोळी मागवलीच नाही. त्यावर ते कधी काही बोलले नाहीत, आणि माझ्याही ते ताई गेल्यावरच लक्षात आलं.

कोकणात मला वाटलं, आता सुटलो. तांदूळ आणि मासे, गहू येणार कुठून? मी ऐटीत तिच्यासाठी तळलेली सुरमई मागवली. तुकड्याला बाहेरून रवा लावलेला होता. ताईनं तो तुकडा उचलून माझ्या ताटात ठेवला आणि प्रज्ञाला म्हणाली, तुह्या बापाले परीक्षेत कोणी पास केलं असन? प्रज्ञा पिझ्झा खायची तेव्हा मात्र ताई समोर बसून बारीकसारीक विचारायची, कसं लागते, नेमकं सांग. लहानपणी प्रज्ञानं एकदा तिला सांगितलं होतं, आत्या, ओल्या पोळीवर टमाट्याची चटणी अन् वरून खरवस. ताई म्हणाली, मग काही बिघडत नाही, नसलं खाल्लं तरी.

आमची शेवटची भेट मला आठवत नाही. म्हणजे झाली होती, जुन्या शहरातल्या तिच्या घरी गेलो होतो, चहा झाला, ती काही बोलली असेल, मी काही आचरटपणा केला असेल. काय, ते आठवत नाही. आठवतं ते नंतरचं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. नातेवाईक बाया ताईच्या स्वयंपाकघरात होत्या, कोणीतरी कणकेची पिशवी आणली होती आणि तिच्या तव्यावर पोळ्या भाजत होत्या. मी दारात उभा राहून म्हणणार होतो, तो तवा नका घेऊ. तोंड उघडलंही होतं. मग बंद केलं. भाऊजी माझ्या मागे उभे होते. त्यांनीही पाहिलं. आम्ही बाहेर येऊन खुर्च्या लावायला लागलो.

गेल्या आठवड्यात भाऊजींना काही दिवस आमच्याकडे अमरावतीला आणायला गेलो. येताना मूर्तिजापूरच्या अलीकडे एका हॉटेलात थांबलो. समोर प्रशस्त, गार हॉल रिकामा होता. आम्ही चौघं आपोआप मागे स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या टेबलावर जाऊन बसलो, जिथं धूर येतो आणि भांडी आदळतात. ताईला आत जायला सोपं पडायचं म्हणून आम्ही नेहमी तसेच बसायचो. वेटरनं कार्ड दिलं. भाऊजींनी ते उघडून समोर धरलं. प्रज्ञा म्हणाली, काय मागवायचं? कार्डावरचं सगळं चालण्यासारखं होतं.

मी उठलो आणि आत गेलो. का गेलो ते विचारू नका. चुलीपाशी एक बाई भाकरी थापत होती, शेजारी मोठ्या तव्यावर पोळ्या होत्या. मी म्हणालो, भाकर करायचा तवा वेगळा आहे का? पोळीचा नको, गव्हाचं पीठ लागायला नको.

बाईनं हात थांबवला. "कोनाले चालत नाई?"

मी मागे वळून पाहिलं. दारातून टेबल दिसत होतं. रंजना, प्रज्ञा, भाऊजी.

"मले," मी म्हणालो.

तिनं कोपऱ्यातला एक तवा काढला, घासला, फडक्यानं पुसला आणि चुलीवर ठेवला. मी टेबलाशी येऊन बसलो. रंजनाला ऐकू गेलं होतं. तिनं पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. वेटर भाऊजींजवळ येऊन म्हणाला, काका, तुमच्यासाठी पोयी सांगू ना, गरम आहे.

भाऊजींनी कार्ड मिटलं.

"मलेबी चालत नाई," ते म्हणाले.