बिरादार सरांचे वीस प्रश्न

बिरादार सर पोरांना आधी उभंच ठेवायचे. समोर रिकामी खुर्ची असायची, पण बस म्हणायचे नाहीत. दोन मिनिटं पोराच्या डोळ्यांत रोखून बघायचे आणि मग लाल पेन उघडायचे. "डोळ्यांत बघितलं की कळून जातं, मॅडम," असं मला सांगायचे. काय कळायचं ते त्यांचं त्यांना ठाऊक. मी चहा पीत नाही, एवढंही त्यांना कधी कळलं नाही.

लातूरच्या एका क्लासच्या वसतिगृहात मी रेक्टर होते आणि हे समुपदेशक. मूळचे कंधारचे, कसलासा आठ दिवसांचा कोर्स करून आलेले. प्रमाणपत्र भिंतीवर फ्रेममध्ये, आणि कपाटात वीस प्रश्नांचा कागद, तोही झेरॉक्सची झेरॉक्स. तेवढ्यावर ते पोरगं सायकोपॅथ आहे का ते ठरवायचे. हे काम खरोखर शिकलेली माणसं घरच्यांशी, शिक्षकांशी बोलतात, आठवडेच्या आठवडे घालवतात, आणि तरीही त्या वयाच्या पोराला असा शिक्का मारायला कचरतात. आमच्या सरांचा निकाल पंधरा मिनिटांत तयार. वर "आपलं काम एकदम सायंटिफिक हाय" हेही ऐकवायचे.

हणमंत देवणीजवळच्या खेड्यातला, अकरावीचा. घरी जनावरं. एकदा जिन्यावरून एक मुलगा पडला, डोकं फुटलं. बाकीची पोरं किंचाळत होती. यानं टॉवेल घट्ट बांधला, मला हाक मारली, जखमी मुलाला रिक्षात बसवलं आणि हात धुऊन जेवायला बसला. सरांना तेवढं पुरलं.

"रक्त बघून पोरगं जेवायलंय, मॅडम! हे नॉर्मल न्हाई."

चाचणीला मी हजर होते. सातवा प्रश्न होता, मुक्या जनावराला दुखताना पाहून वाईट वाटतं का?

"तवा न्हाई वाटत, सर," हणमंत म्हणाला. "गोऱ्ह्याचं नाक टोचताना मुंडकं मीच धरतो. आपून हळहळलो की हात हालतो, अन् त्यालाच लई दुखतं."

सरांच्या अख्ख्या कोर्समध्ये नसेल एवढी माया त्या उत्तरात होती. सरांनी शेरा लिहिला: जनावरांना वेदना देतो, पश्चात्ताप नाही.

"सर, वेसण घालायला टोचतात ते," मी पुटपुटले.

"असली पोरं लई गोड बोलतात, मॅडम. तोच तर पॉइंट हाय."

खाली रेक्टरची सही लागायची. नोकरी नवी होती, मी केली. त्या माणसाला मी आजही मनातल्या मनात शिव्या घालते, पण माझा हात धरून त्यानं ती करून घेतली नव्हती.

दुसऱ्या दिवशी हणमंतचे वडील आले. सरांनी त्यांना उत्तरं सांगितलीच नाहीत, नुसता निकाल सांगितला आणि पोराला घरी घेऊन जायला सांगितलं. मी शेजारीच उभी होते. वडील सरांना डॉक्टर समजले होते, आणि सरांनी त्यांचा गैरसमज दूर करायची तसदी घेतली नाही.

"डाक्टरसायब, घरात ल्हान पोरगी हाय. ह्याला तिच्याजवळ बसू द्यावं का न्हाई?"

"लक्ष ठेवा," सर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पोराला आत बोलावलं.

हणमंत पेटी उचलून वडिलांच्या मागे निघाला. फाटकापाशी वडील थांबले.

"तू म्होरं चाल," ते म्हणाले.

पोरगं पुढे झालं. आणि तो बाप चार पावलं अंतर ठेवून, पोराच्या हातांकडे बघत, बस स्टँडकडे चालू लागला.