मोहफुलांचा शेक

हसा, माझं काही म्हणणं नाही. पण कप खाली ठेवून हसा. मागच्या वेळी ही गोष्ट सांगितली तेव्हा एकाच्या नाकातून चहा आला होता, आणि चहा चांगला गरम होता.

मी आयुष्यात व्यायाम एकदाच केला. एकदाच! आणि तेवढ्यानं माझं जुळत आलेलं लग्न मोडायच्या बेताला आणलं होतं.

दारव्ह्यात माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस असो, निवडणूक असो की तेरवी, फोटो माझ्याकडे येतो. गाल आत घेणं, केस काळे करणं, दंड फुगवणं, हे माझं रोजचं काम. काडीपैलवानाचा मी चहा थंड व्हायच्या आत खरा पैलवान करून देतो. माझे स्वतःचे दंड मात्र माउस हलवण्यापुरते. बाकीचा वेळ मी खुर्चीत रेलून खिडकीबाहेर बघत असतो. आई म्हणते, "हे पोट्टं जागेपणीच झोपून राह्यते." खोटं कशाला बोलू, तसंच आहे.

तर थंडीच्या दिवसांत एका सकाळी यवतमाळला एका मैदानाच्या कुंपणाला फ्लेक्स बांधायला गेलो होतो. नुकतं उजाडत होतं. मैदानावर पातळ धुकं होतं आणि पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरी त्यात पळत होत्या. मी शिडीवर. त्यातली एक धुक्यातून यायची, माझ्या खालून जायची आणि परत धुक्यात नाहीशी व्हायची. आधी तिच्या पावलांचा आवाज यायचा, मग ती यायची. मला वाटलं, हे असंच चालू राहावं, सूर्यानं आज थोडा उशीर करावा. दोरी हातातच राहिली. शेवटी ती थांबली, वर बघितलं आणि म्हणाली,

"भाऊ, वाकडं लागून राह्यलं ते."

भाऊ म्हणाली! पण मी तेवढं ऐकलंच नाही असं ठरवून टाकलं.

पुढचे कित्येक दिवस मी ज्याच्या-त्याच्या फ्लेक्सला मागे धुकं टाकत होतो. एका नगरसेवकानं विचारलंसुद्धा, "मी ढगात काहून उभा हावो?" शेवटी मामाला सांगितलं. आमचा मामा म्हणजे लग्नं जुळवणारा माणूस. त्यानं शोध काढला. पोरीचं नाव प्रज्ञा, गाव घाटंजीकडचं, आपलेच लोक. मामा बोलणी करून आला तो गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून हसतच.

"जमलं समज. पोरीची एकच अट हाये. पोरगा व्यायाम करणारा पायजे. मी सांगून देल्लं, आमचा भाचा रोज जिमले जाते."

"मामा! जिमचा बोर्ड मी छापला, तेवढाच माहा जिमशी संबंध!"

"मंग जाय ना बे! पोरगी पाह्याले आपल्याले रविवारी जायचं हाये. आज शुक्रवार. लय टाइम हाये."

शुक्रवारी संध्याकाळी मी वसीमभाईच्या जिममध्ये हजर. वसीमभाई दिवसा ट्रॅक्टर दुरुस्त करतो आणि संध्याकाळी माणसं. त्यानं मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "भाई, पहिला दिन है. इतना हलका कर के बॉडी को मालूम भी नहीं पडना के तू आया था."

मी तसंच करणार होतो हो. पण झालं काय, उठबशा काढायला सुरुवात केली आणि डोळे मिटले. मी खाली बसलो की ती धुक्यात जायची. उठलो की परत यायची. आता तुम्हीच सांगा, मी थांबणार कसा? ती आली, गेली, आली, गेली. मग डंबेल उचलले, तर त्यातही तिच्या पावलांचा ठेका. कुठेतरी लांबून वसीमभाई ओरडत होता, "अबे बस कर! परसो उठेगा नहीं!" मला तो आवाज दुसऱ्या गावातून येतोय असं वाटलं.

शनिवारी नुसतं अंग जड होतं. मी खूश! म्हटलं, एवढंच असतं होय?

रविवार उजाडला. खाटेवरून पाय खाली ठेवला आणि असा ओरडलो की शेजारचा कोंबडा गप्प झाला. मांड्या माझ्या नाहीतच. पायरी उतरायची तर आधी देवाचं नाव, नंतर भिंत, मग पाय. हात कोपरातून सरळ होईनात. दोन्ही हात छातीपुढे, कायम नमस्काराच्या तयारीत. संडासात बसलो तो आईला हाक मारूनच उठलो. पुढचं विचारू नका.

आईचं माहेर जंगलाच्या कडेचं. तिच्याकडे दुखण्याला औषध एकच. तिनं डब्यातली वाळलेली मोहफुलं काढली, पाण्यात उकळली, फडक्यात बांधली आणि मला खाटेवर पालथं पाडून शेक द्यायला बसली.

आहाहा! काय सांगू! मोहाचा तो गोड, जड वास. वाफ अंगात उतरत होती आणि मी वर चाललो होतो. वाटलं, आपण मोहाच्या झाडाखाली पडलो आहोत, चैत्रातली पहाट आहे, अंगावर टपटप फुलं पडताहेत आणि लांबून कोणीतरी पळत येतंय. आईनं मांड्या, पोटऱ्या, दंड, पाठ, काही सोडलं नाही. वर कपडे चढवले आणि ती गरम, ओली पोटली पँटच्या खिशात कोंबून म्हणाली, "जीपीत दुखलं तं मांडीखाली घेजो." ती स्वतः येणार नव्हती. आमच्यात पहिल्यांदा पुरुषमाणसंच जातात.

जीपमध्ये मामानं कानाशी तोंड आणलं. "आयक. पोरीची माय, कांताबाई, गावच्या दारूबंदीवाली हाये. बायका संग घेऊन तिनं मोहाच्या दारूच्या भट्ट्या फोडल्या. तिच्यासमोर नीट वाग."

"हाव," मी म्हणालो. पण मी कुठे होतो? रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस पेटला होता, ऊन खिडकीतून मांडीवर येत होतं, मांडीखाली पोटली शिजत होती आणि मी धुक्यातल्या मैदानावर तिच्या बाजूनं तरंगत चाललो होतो. वास म्हणाल तर माझं नाक सकाळपासूनच मोहमय. मामाला तर स्वतःच्या खर्र्यापलीकडे काही कळतच नाही.

लागली का तुम्हाला लिंक? मला तेव्हा नाही लागली!

जीपमधून मला मामानं आणि ड्रायव्हरनं ओढून उतरवलं. पोटली खिशात घातली आणि निघालो. पाय फाकलेले, एक इकडे पडतो तर दुसरा तिकडे. दारात कांताबाई. मी "जय भीम, मावशी" म्हणालो. हात आधीच जोडलेले होते. त्यांनी जय भीम घातला आणि नाक वर केलं.

आत मी खुर्चीवर बसलो म्हणजे काय, वरून सुटलो. प्रज्ञा पाण्याचा ग्लास घेऊन आली. तीच! माझे डोळे आपोआप अर्धे मिटले.

"झोप झाली नाही वाटते तुमची?" कांताबाईंनी विचारलं.

"झाली ना जीपीत," मी हसून म्हणालो. "अजून थोडा तरंगूनच राह्यलो."

मामाचा चेहरा पडला.

"वास कायचा येऊन राह्यला?"

"जीपीत एक जण पिऊन होता, ताई," मामा लगबगीनं म्हणाला. "त्याले खेटून बसलतो आम्ही."

"मंग हे असे काहून चालत आले?"

"ते? पैलवानी चाल हाये ते! रोज जिम ना!"

प्रज्ञा इतका वेळ माझ्याकडे वाकडा फ्लेक्स बघावा तसं बघत होती. ती म्हणाली, "उभे राहून दाखवा बरं."

मी टेबल धरलं, ओठ चावले आणि उठलो. उठता उठता खिशातली पोटली सटकली, फरशीवर आपटली, सुटली आणि मोहफुलं थेट कांताबाईंच्या पायाशी पसरली.

त्यांनी झटकन पाय मागे घेतले.

"मा माय!" कांताबाई ओरडल्या. "हा तं माल संग घेऊन फिरून राह्यला!"

आता माझी पंचाईत बघा. गप्प बसलो तर बेवडा. खरं बोललो तर रोज जिमला जाणारा भाचा खोटा. दोन्हीकडून पोरगी गेलीच! मी तोंड उघडणार तोच मामानं मला गप्प करायला चिमटा काढला. कुठे काढावा? मांडीला! माझी किंकाळी पार वेशीपर्यंत गेली असेल.

"मावशी!" मी रडकुंडीला येऊन म्हणालो. "मी दारूले शिवत नाही! परवा जिमले गेलतो, जिंदगीत पहिल्यांदा! आंग आखडलं म्हणून आईनं मोहाचा शेक देल्ला!"

मामानं खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर ओढला.

"पिणाऱ्याचे लय बहाणे आयकले," कांताबाई म्हणाल्या. "हा नवा हाये."

तेवढ्यात प्रज्ञा खाली बसली आणि माझ्या पोटरीत अंगठा रुतवला.

"अयाईऽऽ गं!"

"आई, प्यालेला नाही," ती शांतपणे म्हणाली. "प्यालेल्या माणसाले इतकं दुखत नाही. नव्या पोरी पहिल्याच दिवशी जीव तोडून पळते ना, त्या तिसऱ्या दिवशी अशाच चालते."

"म्हंजे दारू नाही, पण खोटं बोलला."

"खोटं मामा बोलला, मावशी. मी ते खरं कराले गेलतो."

कांताबाईंच्या ओठाचा कोपरा हलला. प्रज्ञानं विचारलं, "पण पहिल्या दिवशी इतका जोर कायले लावला?"

शुद्धीवरचा माणूस काहीतरी बनवून सांगतो. मी सगळं सांगून टाकलं. यवतमाळचं मैदान, धुकं, पावलांचा आवाज, आणि खाली बसलो की ती जायची, उठलो की यायची, ते. बोलताना वर बघायची हिंमत झाली नाही. एवढं सांगून ती गेली तर गेली, पण पोटात ठेवून घरी जायचं नव्हतं.

तिनं पोटरीवरचा अंगठा काढला. मग म्हणाली, "म्हंजे ते शिडीवरचे भाऊ तुमीच का?"

"भाऊ नोको म्हणू माय!" मामा दुपट्ट्यातून ओरडला.

आणि ती हसली. "तवा फ्लेक्स वाकडा होता. आता फ्लेक्सवालाच."

कांताबाईंनी मोहफुलं वेचून पोटली बांधली, गरम केली आणि माझ्याच मांडीवर ठेवली. मला वाटलं, मिटलं सगळं, आता यापुढे कोणी हसणार नाही. इथेच तर चुकलो ना!

लग्न झालं, आणि प्रज्ञा आता पोलिसात आहे. परवा मी तिचा डबा घेऊन नाकाबंदीवर गेलो. ती नव्या शिपायांना समजावत होती. पाय फाकवले, हात छातीशी धरले, डोळे अर्धे मिटले आणि चालून दाखवलं. माझी चाल! हुबेहूब!

"असा माणूस दिसला की लगेच बेवडा समजाचं नाही," ती म्हणाली. "आधी पोटरी दाबून पाह्यची. वरडला तं सोडून द्या."

मी डबा हातात धरून तिच्याकडे बघत उभा राहिलो. संध्याकाळचं ऊन तिच्या टोपीवर पडलं होतं. माझे डोळे कधी अर्धे मिटले, कळलंच नाही.

एका शिपायानं माझ्याकडे बोट केलं.

"मॅडम, तो पाहा, तसाच एक आला! दाबू का?"