माझ्या वाटणीचे उपास

लग्नाला पाच वर्षं होत आली तरी माझी कूस उजवली नव्हती. काष्टीच्या बाजारात भेटेल ती बाई आधी माझ्या पोटाकडे बघायची, मग तोंडाकडे, आणि जाता जाता एखादा उपास सांगून जायची. फुकटचा सल्ला, द्यायला काय जातंय! सोमवार झाला, मंगळवार झाला, गुरुवार, शनिवार, वर चतुर्थी आणि एकादशी. जेवायचे जे दोन-तीन दिवस उरले, त्यातही गडीमाणसं जेवून गेल्यावर टोपल्यात राहील ती भाकरी माझी. विहिरीचं पाणी आणि रानातली कामं मात्र कुठल्या वाराला चुकली नाहीत. शेवग्याच्या शेंगेसारखी झाले होते.

दोन-दोन, तीन-तीन महिने पाळी यायची नाही. दर खेपेला घरात आशा लागायची, आणि दर खेपेला मी पुन्हा बाहेर बसायची. मग आणखी एक उपास वाढायचा. शेवटी चुलत सासऱ्यांनी दुसरी मुलगी करून आणायचा विषय काढला. आमचे मालक हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मी चुलीपुढं धुराचं निमित्त करून रडून घेतलं.

सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली आणि मला नगरला बाईडॉक्टरकडे नेलं. तिनं तपासलं आणि विचारलं, काल काय खाल्लंस? मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, काल शनिवार होता. मग परवाचं विचारलं, तेरवाचं विचारलं. बाई म्हणाली, हिच्या अंगाला स्वतःपुरतं मिळत नाही, ते दुसऱ्या जिवाला कुठून देणार? पाळी लांबते ती गर्भानं नाही, उपाशी राहून. पोटभर खाऊ घाला, कामं कमी करा, तरी काही झालं नाही तर तुमच्या मुलाला घेऊन या, दर वेळी खोट बाईतच असते असं नाही. हमी मात्र तिनं दिली नाही.

येताना मला वेगळीच भीती वाटत होती. देवापुढं बोललेले उपास मोडायचे कसे? घरी आल्यावर त्यांनी देवापुढं दिवा लावला आणि म्हणाल्या, "बोललेले उपास मोडायचे न्हाईत. पन त्ये तूच करायचे आसं कुठं ठरलंय? आजपास्नं मी करते. तू जेव."

आणि गडीमाणसांच्या आधी मला पाटावर बसवलं. भाकरी, दूध, शेंगदाणे-गूळ. चुलत सासऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, आत्याबाईंनी तिकडं ढुंकून बघितलं नाही. समोर उपाशी बाई बसलेली, माझ्या घशाखाली घास उतरेना. पण ताट रिकामं झाल्याशिवाय त्या उठत नसत. माझ्या घागरीही त्यांनीच उचलल्या.

अंग भरलं, पाळी महिन्याच्या महिन्याला यायला लागली. दिवाळीच्या आत ती पुन्हा थांबली तेव्हा मी धास्तीनं कुणाला बोललेच नाही. सुईणीनं पोट चाचपून सांगितलं, तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला. दुसऱ्या मुलीचं नाव परत कुणी काढलं नाही.

मुलगी झाली. आत्याबाईंनी तिला हातात घेतलं तर त्यांचे हात थरथरत होते. मला वाटलं, आनंदानं. सुईण हळूच म्हणाली, म्हातारी कालपासून उपाशी आहे. मला भडभडून आलं.

"आत्याबाई, आता तरी सोडा."

"तुला दूध उतरू दे, मंग बघू," म्हणाल्या, आणि डिंकाचा लाडू फोडून माझ्या तोंडात घातला.