मिलपेक्षा मोठा आवाज

आमच्या रेडिओ केंद्रावर रॉक आणला तो राईस मिलवाल्यांनी. नागपुरात हे सांगितलं की लोक हसतात, पण खरं तेच आहे. तिरोड्याबाहेर एका संस्थेच्या इमारतीत दोन खोल्यांचं केंद्र, आणि मी तिथली निवेदिका. सुरुवातीला आम्ही धानावरच्या किडीची माहिती द्यायचो, मधूनमधून भजनं लावायचो. मग एका मिलच्या ऑपरेटरचा फोन आला.

"मॅडम, तुमी बोलून राहिल्या, पन मिलमंदी काहीच आयकू येत नाही. जरा दमदार लावा ना काही."

फुलचूरचा एक रॉक बँड होता. त्यांना ना लग्नात कोणी बोलवायचं, ना गणपतीत. आम्ही त्यांची गाणी आमच्याच खोलीत रेकॉर्ड केली. त्यांचे ड्रम मिलच्या घरघरीला पुरून उरले. मिलामिलांतून फर्माइशी सुरू झाल्या, आधी दुपार रॉकची झाली आणि वर्षभरात किडीसकट सगळं गुंडाळून अख्खं केंद्रच रॉकचं झालं. मला ते संगीत काडीचंही आवडत नाही. पण गाण्यांच्या मध्ये बोलायचं मलाच. माईक कितीही वाढवला तरी मऊ आवाज मिलमध्ये विरून जायचा, म्हणून मी ओरडायला शिकले.

मला तिथून सुटायचं होतं. बिनखिडकीची खोली, भिंतींना चिकटवलेला फोम, तीच गाणी, तीच मी. जीव गुदमरायचा. नागपूरच्या एका स्टेशनला संध्याकाळच्या गझलांसाठी निवेदिका हवी होती. आईशिवाय कोणालाच न सांगता मी आवाजाच्या चाचणीला गेले.

काचेपलीकडच्या बाई चांगल्या होत्या. "हळू बोला," म्हणाल्या. "ऐकणारा शेजारीच बसलाय असं समजा."

मी तसं समजले. दुसऱ्याच वाक्याला आवाज आपोआप वर चढला. पाणी प्यायले, पुन्हा वाचलं, पुन्हा तेच.

"घरीही असंच बोलता का?" त्यांनी विचारलं. मला राग आला. मी नाही म्हणाले.

घरी पोचले तेव्हा आई ओट्याशी भाजी चिरत होती. मी तिच्या अगदी जवळ गेले. माझं हसं व्हायला नको होतं, म्हणून जमेल तितक्या हळू तिच्या कानाशी सांगितलं, नागपूरचं काही जमलं नाही.

आई काही बोलायच्या आत भिंतीपलीकडून शेजारच्या काकूंनी विचारलं, "काऊन नाही जमलं वं?"