विजेची शेपटी ऐकली ती संध्याकाळ

मी चौथी शिकलो, पण माझ्या वावरात आभाळाची उंची मोजली जाते. हे मी कुणालाही तोंडावर सांगतो.

उन्हाळ्यात नागपूरच्या कॉलेजातल्या एक मॅडम साकोलीच्या आसपास गावोगाव जागा शोधत हिंडत होत्या. त्यांना विजेच्या खांबांपासून दूर जागा पाहिजे होती. माझी धानाची बांधी बोडीच्या, म्हणजे गावच्या तळ्याच्या, पलीकडे, तिथवर खांब कधी आलाच नाही. लाईनसाठी मी किती भांडलो! शेवटी लाईन नाही म्हणूनच माझं वावर पास झालं. मी चौकात सांगून टाकलं, "साऱ्या तालुक्यात माहीच जागा पसंत पडली."

त्यांनी वावराच्या एका टोकाला लाकडाची मोठी चौकट उभी केली, तिला तांब्याच्या तारेचे वेढे दिले, खाली एक पेटी ठेवली. मॅडम म्हणाल्या, वीज पडली की उजेडाबरोबर रेडिओच्या लाटाही निघतात. जमीन आणि आभाळातला एक थर, या दोघांमध्ये आपटत आपटत त्या शेकडो कोस येतात. त्या थरापर्यंत फुगा पोचत नाही आणि उपग्रह इतक्या खाली टिकत नाही. म्हणून विजेलाच विचारायचं, थर किती उंच आहे.

भादव्यात धान निसवलं, लोंब्या बाहेर आल्या आणि मॅडमचा फोन आला.

"बाबा, रोज दिवस बुडाला की टकटक सुरू होते. सगळं रेकॉर्डिंग खराब होतंय. वावरात नवीन काही लावलं का?"

"काहीच नाही."

त्यांनी येऊन वायर बदलली, पेटी बदलली. आणखी दोनदा विचारलं. मी दोनदा तेच सांगितलं. बायको म्हणाली, "येक डाव नीट पाहा त खरं." मी म्हटलं, "माहं वावर मले मालूम नाही का?"

मग एके दिवशी त्या संध्याकाळच्या आल्या आणि चौकटीचे नटबोल्ट सोडू लागल्या. दुसऱ्या गावी नेणार होत्या. चौकात आता कोणत्या तोंडानं बसू?

"मॅडम, नेता त न्या. पण माह्या वावरात काय आयकू येते ते मले येकदा तरी आयकवा."

त्यांनी कानाचं यंत्र माझ्या डोक्यावर चढवलं. आत लाह्या फुटत होत्या. तडतड, तडतड. मॅडम म्हणाल्या, एकेक लाही म्हणजे कुठंतरी दूर पडलेली एकेक वीज. आणि त्या लाह्यांवर सारखी टक... टक... टक.

ती टकटक मला पाठ होती. पंधरा दिवस मी तिच्याशेजारी खाट टाकून झोपत होतो.

ते माझं झटका मशीन होतं. धान निसवलं की रानडुकरं येतात, म्हणून धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, तार ओढायची आणि दिवस मावळला की बॅटरीवरचं मशीन सुरू करायचं. माझा विचार सरळ होता, तारेला शिवेल त्यालाच झटका. मॅडमची चौकट पार दुसऱ्या टोकाला, मग तिचा या तारेशी संबंध काय? मी खोटं बोललो नव्हतो. मी विचारच केला नव्हता.

सांगावं तर नाक जातं, न सांगावं तर चौकट जाते. मी यंत्र त्यांच्या हातात दिलं, धुऱ्यावरून चालत गेलो आणि मशीनचं बटण दाबलं.

"बाबा!" मॅडम तिकडून ओरडल्या. "थांबलं! काय केलं तुम्ही?"

"झटका बंद केला," मी चौकटीपाशी परत येत सांगितलं.

"झटका मशीन आहे तुमच्याकडे? त्याचा एकेक झटका म्हणजे इवलीशी वीजच! मी तीनदा विचारलं होतं!"

"तीनदा मीच नाही म्हटलं. चुकलं माहं."

बायको डबा घेऊन आली होती. ती म्हणाली, "मॅडम, हे लिहून ठेवा वो. चाळीस वर्सात पयल्यांदा आयकलं."

मॅडम हसल्या, पण बोट ओठावर ठेवून. मग त्यांनी ते यंत्र पुन्हा माझ्या कानावर बसवलं. अंधार पडत होता. लाह्या फुटतच होत्या, आणि त्यात एकदम, ट्युँव! गोफणीतून गोटा सुटावा तसा बारीक, खाली उतरत गेलेला आवाज.

"ही त्या विजेची शेपटी. दिवसा नाही येत, उन्हानं त्या थराच्या खाली आणखी एक थर तयार होतो, तो तिला गिळून टाकतो. शेपटीचा सूर किती खाली उतरून संपतो, त्यावरून वरच्या थराची उंची निघते."

"किती?"

"साकोलीहून नागपूर जितकं, जवळजवळ तितकं. पण उभं वर."

मी मान मागे टाकून वर पाहिलं. तिथं डोकं आपटून ती वीज माझ्या बांधीत उतरली होती! ट्युँव! आणखी एक! मी बायकोला ओढून यंत्राचा एक कान तिला दिला. ती म्हणाली, "अगा माय!"

मॅडमनं सोडलेले नटबोल्ट पुन्हा कसले. मग त्यांचा चेहरा उतरला. "पण बाबा, मशीन बंद ठेवलं तर डुकरं?"

"मशीन त काल-परवाचं आहे. त्याच्या आधी डुकरं कोण हाकलत होतं? मी डबा वाजवीन, बोंबलीन. ते तुमच्या पेटीत येते का?"

"नाही येत. कितीही ओरडा. तिला फक्त विजेचं ऐकू येतं."

"मंग कापणीपर्यंत तुमची चौकट येथून हालत नाही."

बोडीकडच्या झुडपात खसखस झाली. मी तेलाचा रिकामा डबा उचलला आणि छाती फोडून हाळी दिली. मॅडमनं मान वर केली नाही. डोळे मिटून, कानावर हात दाबून त्या बसल्या होत्या, आणि शेपटी आली की एक बोट वर करत होत्या. दर बोटाला मी डब्यावर एक टोला हाणला.